गणपतीच्या गर्दीआधी बस-बुकिंग ॲपची चाचणी: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मुंबईच्या उपनगरांतून आणि पुण्याहून तळकोकणात रात्रीच्या बस चालवणारी एक खासगी कंपनी. तिची आणि तिच्यासाठी काम करणाऱ्यांची ओळख इथे झाकली आहे. वर्षभर धंदा बेताचा, शिमग्याला थोडा वर, मे महिन्यात बरा आणि गणपतीच्या आधीच्या चार-पाच रात्री असा, की जादा गाड्या भाड्याने आणाव्या लागतात. तिकिटे तीन वाटांनी विकली जात: काउंटरवरचे एजंट, तिकिटे विकणाऱ्या मोठ्या वेबसाइट आणि कंपनीची स्वतःची जुनी वेबसाइट. या जुन्या वेबसाइटवर पैसे भरले तरी ऑफिसातल्या माणसाने फोन करून सीट सांगेपर्यंत तिकीट हातात येत नसे.

मालकांनी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीकडून नवी वेबसाइट आणि मोबाइल ॲप बनवून घेतले. ॲप फ्लटरमध्ये होते, म्हणजे एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही. वेबसाइट वेगळी, जावास्क्रिप्टमधली. मागचा सर्व्हर आणि पोस्टग्रेस डेटाबेस दोघांना सामाईक, आणि काउंटरचे सॉफ्टवेअरही त्यालाच जोडलेले. गणपतीची विक्री कोणत्या दिवशी सकाळी ८ वाजता सुरू होणार हे एजंटांना कळवूनही झाले होते. त्या दिवसाला पाच आठवडे उरले असताना तीन जणांची टेस्टिंग टीम बाहेरून बोलावली.

अडचण

बनवणाऱ्यांनी टीमच्या हाती ३०० हून अधिक ओळींची एक्सेल शीट ठेवली. प्रत्येक ओळीपुढे हिरव्या रंगात ‘पास’. शीट पडद्यांनुसार लावलेली होती: लॉगिन, शोध, सीट निवड, प्रवाशाचा तपशील, पेमेंट, तिकीट. प्रत्येक पडद्यावरचे प्रत्येक बटण दाबून पाहिले होते आणि ते खरेच चालत होते. एक गोष्ट मात्र शीटमध्ये कुठेच नव्हती: एकाच सीटवर दोन माणसे आली तर काय होते?

पहिल्याच दिवशी दोन फोन घेऊन ते पाहिले. सीट निवडली की ती ८ मिनिटे त्या प्रवाशासाठी धरून ठेवायची, असा नियम होता. पहिल्या फोनवर सीट निवडली, पेमेंटला यूपीआय ॲप उघडले आणि पिन न टाकता फोन तसाच ठेवला. ९ मिनिटांनी सीट पुन्हा मोकळी दिसू लागली, तेव्हा दुसऱ्या फोनवरून ती विकत घेतली. मग पहिल्या फोनवर पिन टाकला. दोन्ही फोनवर ‘तिकीट निश्चित’ आले. सीट एक, नावे दोन, पैसे दोघांचे जमा.

एरवी कोणी पिन टाकायला ९ मिनिटे लावत नाही. पण विक्री सुरू होते त्या सकाळी बँकांचे सर्व्हर मंद असतात, यूपीआयचा व्यवहार ‘प्रलंबित’ राहतो आणि यशाचा निरोप गेटवेकडून, म्हणजे पैसे पोहोचवणाऱ्या मधल्या सेवेकडून, उशिरा येतो. प्रवाशाने काहीही चुकीचे न करता हीच परिस्थिती उभी राहते. आणि ती उघडी पडते बस सुटताना, बोरिवलीच्या थांब्यावर, सामानासकट आलेल्या कुटुंबासमोर चार्ट हातात धरलेल्या क्लीनरला.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय शीटचाच होता: सगळ्या ओळी सगळ्या फोनवर पुन्हा हाताने तपासायच्या. तीन माणसांत तो पाच आठवड्यांत उरकला असता, पण जे बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, शीटला दिसत नव्हते ते दुसऱ्या खेपेलाही दिसले नसते.

दुसरा, आधी ऑटोमेशन. बनवणाऱ्यांचा कल याकडे होता. पडदे चालवणाऱ्या स्क्रिप्ट लिहायच्या आणि प्रत्येक बिल्डवर, म्हणजे ॲपच्या नव्याने तयार झालेल्या प्रतीवर, त्या रोज रात्री पळवायच्या. अडचण अशी, की ॲपचे पडदे अजून बदलत होते. बटणाची जागा किंवा नाव बदलले की स्क्रिप्ट मोडते, आणि निम्मा वेळ ॲप तपासण्याऐवजी स्क्रिप्ट दुरुस्त करण्यात जातो. वर्षभर चालणाऱ्या उत्पादनासाठी हा खर्च वसूल होतो, पाच आठवड्यांत होत नाही.

तिसरा, ॲप गणपतीनंतर आणायचे. टेस्टिंग टीमने हा पर्याय लेखी मांडला. मालकांनी तो नाकारला, आणि त्यांचे कारण नुसते हट्टाचे नव्हते. मोठ्या वेबसाइटना प्रत्येक तिकिटामागे कमिशन जाते, आणि स्वतःची विक्री वाढवायला वर्षातली हीच वेळ खरी.

चौथा पर्याय निवडला गेला: जोखमीनुसार चाचणी. ‘काय बिघडले तर पैसा किंवा सीट अडकते’ या प्रश्नाने कामाचा क्रम लावायचा. पडदे हाताने तपासायचे, सीट आणि पेमेंटचे नियम मात्र थेट सर्व्हरच्या एपीआयवर, म्हणजे ॲप सर्व्हरशी ज्या वाटेने बोलते तिथे, ऑटोमेशनने तपासायचे, कारण तिथले व्यवहार पडद्यांसारखे दर दोन दिवसांनी बदलत नाहीत.

या निवडीची किंमतही ठरवून घ्यावी लागली. बसचे लाइव्ह लोकेशन दाखवणारे वैशिष्ट्य यादीतून काढले. ड्रायव्हरच्या फोनवरचे ॲप पार्श्वभूमीत चालू राहायला हवे, आणि बॅटरी वाचवण्यासाठी अनेक फोन तेच बंद पाडतात. याची नीट चाचणी म्हणजे वेगवेगळ्या फोनवर अनेक पूर्ण रात्री. अर्धवट तपासलेले लोकेशन दाखवले, तर बस महाडात असताना प्रवासी चिपळूणच्या थांब्यावर येऊन उभा राहणार. ते नसलेले परवडते.

तयारी: फोन, डेटा, निरोप

फोन निवडताना बाजारात काय खपते यापेक्षा या कंपनीचे प्रवासी काय वापरतात ते पाहिले. जुन्या वेबसाइटच्या नोंदीत फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि ब्राउझर मिळतात. त्यावरून नऊ फोन ठरले. त्यांत ३ जीबी रॅमचे दोन स्वस्त फोन, अँड्रॉइड १० चा एक जुना, बाकी ११ ते १५ च्या दरम्यानचे आणि दोन आयफोन, पैकी एक लहान पडद्याचा. भाड्याने मिळणारे ऑनलाइन फोन फक्त पडद्याची मांडणी पाहायला वापरले. त्यांत सहसा सिमकार्ड नसते, म्हणून यूपीआय ॲपची नोंदणी होत नाही आणि पेमेंटचा खरा मार्ग तिथे तपासताच येत नाही.

टेस्ट सर्व्हरवर खऱ्या डेटाबेसची प्रत ठेवायची ठरली होती. त्या प्रतीत हजारो प्रवाशांचे खरे मोबाइल नंबर होते, आणि टेस्ट सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एसएमएस पाठवण्याची खरी चावी. एखाद्या टेस्टरने ‘फेरी रद्द’ तपासून पाहिली असती, तर प्रवाशांना बस रद्द झाल्याचा खराखुरा एसएमएस गेला असता. म्हणून प्रत आणण्याआधी नावे आणि नंबर बदलणारी स्क्रिप्ट चालवली, आणि ठरवून दिलेल्या यादीत नसलेल्या कोणत्याही नंबरला निरोप जाणार नाही असा अडसर सर्व्हरवर घातला. दोन्ही केले, कारण यातले एखादे कुणीतरी कधीतरी विसरतेच.

पैसे आणि सीट

पेमेंट गेटवेची चाचणीची सोय वापरून बनवणाऱ्यांनी तपासणी केली होती. ती सोय लगेच उत्तर देते: यश किंवा अपयश. खऱ्या आयुष्यातले तिसरे उत्तर, म्हणजे काहीच न कळणे, तिथे येत नाही. टीमने एक छोटा नकली गेटवे लिहून घेतला. हवे तसे वागायला त्याला सांगता येत असे:

• यशाचा निरोप ७, ९ किंवा ३० मिनिटांनी पाठवणे
• तोच निरोप दोनदा पाठवणे
• पहिला प्रयत्न फसला आणि दुसरा यशस्वी झाला, पण निरोप उलट क्रमाने पाठवणे
• निरोप न पाठवणे, पण स्थिती विचारल्यास ‘यशस्वी’ सांगणे
• कधीच उत्तर न देणे

पाचांपैकी चार प्रकारांत सर्व्हर चुकला. दोनदा आलेल्या निरोपाला त्याने दोन तिकिटे काढली. उलट क्रमात शेवटचा निरोप ‘अपयश’ म्हणून पैसे आलेले असूनही तिकीट रद्द केले.

दुरुस्ती कशी करायची यावर दोन दिवस चर्चा चालली. सीट धरून ठेवण्याची वेळ ८ ची २० मिनिटे करा, असे बनवणाऱ्यांचे म्हणणे. काउंटरच्या एजंटांनी ते उडवून लावले: गर्दीच्या सकाळी अर्धी बस लाल दिसणार आणि समोरचे गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीच्या काउंटरला जाणार. शेवटी तीन गोष्टी एकत्र केल्या. गेटवेवर पेमेंटची मुदत ५ मिनिटे, म्हणजे सीटच्या मुदतीपेक्षा कमी. ८ मिनिटे झाल्यावर सीट सोडण्याआधी सर्व्हरने गेटवेला स्वतःहून स्थिती विचारायची, आणि उत्तर ‘प्रलंबित’ असेल तर सीट आणखी ४ मिनिटे अडवायची. त्यानंतरही उशिरा पैसे आलेच, तर सीट मोकळी असल्यास द्यायची, नसल्यास पूर्ण रक्कम आपोआप परत.

या शेवटच्या मुद्द्यावर कंपनीच्या हिशोबनिसांना वाटत होते की पैसे बँकच परत करेल. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकात तसा नियम आहे, पण तो खात्यातून पैसे गेले आणि विक्रेत्याला निश्चिती मिळाली नाही अशा व्यवहारासाठी. तिथे ५ दिवसांत रक्कम परत जायला हवी, नाही तर रोज १०० रुपये भरपाई. इथे पैसे विक्रेत्याकडे पोहोचलेले असतात. परत करणे ही कंपनीचीच जबाबदारी.

सॉफ्टवेअर कुठेही चुकले तरी शेवटचा दरवाजा डेटाबेसने लावावा, म्हणून तिथेही नियम घातला. फेरी आणि सीट नंबर यांची जोडी एकदाच येऊ शकते, हा साधा नियम पुरत नाही, कारण एकच सीट पनवेल ते चिपळूण एकाला आणि चिपळूण ते कुडाळ दुसऱ्याला विकता येते. बोरिवली ते कणकवली आणि पनवेल ते सावंतवाडी मात्र एकमेकांत घुसतात. पोस्टग्रेसमध्ये अशा घुसणाऱ्या टप्प्यांना मनाई करणारा नियम लिहिता येतो. त्यात शेवटचा थांबा टप्प्यात धरायचा नाही, हे पाहावे लागते. पहिल्या लिखाणात तो धरला गेला होता, त्यामुळे चिपळूणला उतरणाऱ्याची सीट चिपळूणला चढणाऱ्याला मिळेना. टप्प्यांच्या टोकांवर मुद्दाम लिहिलेल्या तपासणीत हे सापडले.

नकली गेटवेनंतर खरे पैसे. फक्त टेस्टरना दिसणारी १ रुपया भाड्याची फेरी तयार केली आणि नऊही फोनवरून निरनिराळ्या यूपीआय ॲपने तिकिटे काढली. इथे दोन बग निघाले, जे नकली गेटवेत निघणे शक्यच नव्हते.

पहिला: काही फोनवर ‘यूपीआयने भरा’ दाबल्यावर ॲपची यादी रिकामी. अँड्रॉइड ११ पासून एका ॲपला फोनवरची दुसरी ॲप आपोआप दिसत नाहीत. कोणत्या प्रकारची ॲप पाहायची आहेत ते मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये, आधी लिहावे लागते. बनवणाऱ्यांचा तपासणीचा फोन अँड्रॉइड १० चा, म्हणून त्यांच्याकडे यादी भरलेली. आयफोनवरही असेच, तिथे प्रत्येक यूपीआय ॲपची खूण आधी नोंदवावी लागते.

दुसरा: ३ जीबीच्या फोनवर प्रवासी यूपीआय ॲपमध्ये गेला की मेमरी मोकळी करण्यासाठी फोन बुकिंग ॲप बंद करतो. परत आल्यावर ॲप मुखपृष्ठापासून सुरू होते, माणसाला वाटते व्यवहार फसला, आणि तो दुसऱ्यांदा पैसे भरतो. महागड्या फोनवर हे दिसत नाही, पण डेव्हलपर ऑप्शनमध्ये ‘ॲक्टिव्हिटी ठेवू नका’ हा पर्याय चालू केला की कोणत्याही अँड्रॉइड फोनवर घडवता येते. दुरुस्ती: ॲप उघडताच अर्धवट व्यवहार आहे का हे सर्व्हरला विचारायचे, आणि असल्यास ‘तुमचे पेमेंट तपासत आहोत, पुन्हा भरू नका’ असे दाखवायचे.

तारखा आणि नावे

वेबसाइटवर २४ तारीख निवडली की २३ च्या फेऱ्या दिसत. रोज रात्री चालणाऱ्या आपोआप तपासण्यांत हा बग कधीच आला नव्हता. कॅलेंडरमधून मिळणारी तारीख म्हणजे त्या दिवसाची मध्यरात्र, भारतीय वेळेनुसार. ती जागतिक वेळेत बदलून तारखेचा भाग कापला, की साडेपाच तास मागे जाऊन आदल्या दिवसाचे १८:३० होतात. तपासण्या जागतिक वेळेवर लावलेल्या सर्व्हरवर चालत, त्यामुळे तिथे फरक शून्य. तपासणीचा सर्व्हर आशिया/कोलकाता, म्हणजे भारतीय वेळेवर आणला आणि सात तपासण्या लाल झाल्या.

तारखेचा दुसरा घोळ कोडमधला नव्हताच. रात्री १२:३० ची बस. ‘शुक्रवारी रात्रीची’ म्हणून माणूस शुक्रवारची तारीख निवडतो, बस मात्र कागदोपत्री शनिवारची. यावर टेस्टरने बग लिहिला तेव्हा ‘जसे ठरले तसेच आहे’ म्हणून तो बंद केला गेला. काउंटरच्या एजंटने सांगितले, की अशी चुकलेली माणसे त्याला दर आठवड्याला भेटतात. बग पुन्हा उघडला, आणि मध्यरात्रीनंतरच्या प्रत्येक फेरीखाली ‘शुक्रवारची रात्र संपून शनिवार लागल्यावर’ अशी ओळ आली.

नावाच्या रकान्यात मराठी नाव चालते असे शीटमध्ये लिहिले होते, आणि ‘सई’ चालतही होते. ‘कविता’ चालत नव्हते. पडताळणीत फक्त ‘अक्षर’ या वर्गाला परवानगी होती. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीत, वेलांटी आणि काना हे अक्षर नव्हेत, ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात येतात. स आणि ई दोन्ही अक्षरे, म्हणून सई पास. कमल पास, कविता नापास. मराठी नावे तपासताना काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, जोडाक्षर आणि रफार असलेले प्रत्येकी एक नाव हवेच. रफार आणि उकार पडद्यावरही पाहावे लागतात: बटणाची उंची इंग्रजी मजकुरावरून ठरवली असेल तर वर रफार कापला जातो, खाली उकार.

काउंटरचा ५८ मिलिमीटर कागदाचा थर्मल प्रिंटर मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हे छापत होता. त्याच्या अक्षरसंचात देवनागरी नाही. तिकीट चित्र म्हणून पाठवले की छापते, मात्र वेळ जास्त लागतो. एजंटांनी ते चालवून घेतले.

गर्दीची चाचणी

जेमीटर या गर्दी निर्माण करणाऱ्या साधनाने हजारो आभासी प्रवासी सोडून पाहिले, सर्व्हर आरामात टिकला. स्क्रिप्ट वाचल्यावर कारण दिसले. प्रत्येक आभासी प्रवासी कोणतीही फेरी आणि कोणतीही सीट निवडत होता. खरे प्रवासी असे वागत नाहीत. गणपतीच्या दोन रात्री आधीची, बोरिवलीहून ९ च्या सुमाराची बस आणि खालचा स्लीपर, हेच सगळ्यांना हवे. स्क्रिप्ट तशी बदलली: बहुतेक प्रवासी चार फेऱ्यांवर, आणि त्यांतही बरेच जण एकदम तीन-चार सीट घेणारे.

सर्व्हर काही मिनिटांत अडकला, दोन कारणांनी. एक जण ३ नंबर धरून ४ मागतो, दुसरा ४ धरून ३ मागतो. दोघे एकमेकांची वाट पाहतात आणि डेटाबेस त्यांतल्या एकाचा व्यवहार मारतो. उपाय एका ओळीचा: सीट धरण्याआधी नंबर चढत्या क्रमाने लावायचे. दुसरे कारण जास्त खोल होते. गेटवेला विनंती पाठवून उत्तराची वाट पाहत असताना सर्व्हर डेटाबेसचे कनेक्शन हातात धरून बसत होता. गेटवे २ सेकंद मंद झाला की सगळी कनेक्शने संपत आणि नुसता शोध घेणाऱ्यालाही उत्तर मिळेना. हे बदलायला चार दिवस गेले.

राहिलेला उपाय तंत्राचा नव्हता. सगळ्या रात्रींची विक्री ८ वाजता एकदम उघडण्याऐवजी दोन रात्री ८ ला, दोन ११ ला आणि परतीच्या रात्री दुसऱ्या दिवशी उघडाव्यात, असे टीमने सुचवले. मालक आधी तयार नव्हते. ‘शेठ, काउंटरला रांगा लागतात त्यापण थोड्या कमी होतील,’ असे सर्वांत जुना एजंट म्हणाला, तेव्हा ते पटले.

रस्त्यावरची तपासणी एका रात्रीत उरकली. एक टेस्टर बोरिवलीहून सावंतवाडीपर्यंत गेला. घाटात नेटवर्क गेल्यावर तिकिटाचा पडदा गोल फिरत राहतो, हे तिथे दिसले. तिकीट फोनमध्येच साठवून ठेवायचे ठरले.

सोडायचे की थांबायचे

प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअर दोन्हीकडे नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने सोडता येते. आयफोनवर ते सात दिवसांत १ टक्क्यापासून १०० पर्यंत जाते. बनवणाऱ्यांचा सगळा भरवसा यावर होता: ५ टक्के लोकांना देऊ, बिघडले तर थांबवू. पण ही सोय फक्त अपडेटला मिळते, ॲपच्या पहिल्या आवृत्तीला नाही. ती सगळ्यांना एकदमच दिसते. शिवाय अपडेट थांबवले तरी ज्यांनी ते घेतले त्यांच्या फोनवरून मागे घेता येत नाही. वरच्या क्रमांकाची नवी आवृत्तीच द्यावी लागते.

म्हणून विक्रीच्या १६ दिवस आधी पहिली आवृत्ती जाहिरात न करता सोडली, फक्त पुण्याच्या रोजच्या फेऱ्यांसह. गणपतीची आवृत्ती अपडेट म्हणून टप्प्यांनी आली. सोबत सर्व्हरवर दोन कळा ठेवल्या: यूपीआयचा पर्याय बंद करण्याची आणि जुनी आवृत्ती वापरणाऱ्याला अपडेट घ्यायला लावण्याची. विक्रीआधीचे तीन दिवस कोडला हात लावायचा नाही हे ठरले. त्या तीन दिवसांत दोन किरकोळ बग सापडले. ते तसेच ठेवले.

निकाल

विक्रीच्या सकाळी सर्व्हर बंद पडला नाही. संपूर्ण हंगामात एका सीटवर दोन नावे असलेला एकही चार्ट निघाला नाही. उशिरा आलेली पेमेंट अपेक्षेप्रमाणे आली, काहींना सीट मिळाली, बाकीच्यांचे पैसे परत गेले.

पण पैसे परत गेल्याचा एसएमएस कोणालाच गेला नाही. व्यावसायिक एसएमएसचा मजकूर दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत आधी मंजूर करून घ्यावा लागतो. परताव्याचा मजकूर नंतर सुचला आणि मंजुरी वेळेत आली नाही. पैसे परत गेले होते, ऑफिसचे फोन तरीही दोन दिवस थांबले नाहीत.

आणखी दोन बग प्रवाशांनीच शोधले. फोनची अक्षरे सर्वांत मोठी ठेवणाऱ्या ज्येष्ठांना ‘पैसे भरा’ बटण दिसतच नव्हते, ते पडद्याखाली गेले होते आणि पडदा सरकत नव्हता. दुसरा तिकीट रद्द करतानाचा: १,००० रुपयांची तीन तिकिटे, १०० रुपयांचे कूपन, भरले २,९०० रुपये. एकेक तिकीट रद्द केले की प्रत्येकी ९६६.६७ परत, तिघांचे मिळून २,९००.०१. भरल्यापेक्षा एक पैसा जास्त, म्हणून तिसरा परतावा गेटवेने नाकारला.

काय वेगळे करता आले असते

परतीचा प्रवास, म्हणजे रद्द करणे, अर्धे रद्द करणे, परतावा आणि त्याचे निरोप, या सगळ्याला योजनेत दोन दिवस दिले होते. खरेदीला तीन आठवडे. जोखमीने क्रम लावताना ‘पैसा कुठे अडकतो’ हा प्रश्न एकाच दिशेने विचारला गेला. पैशाचे गणित पैशांत, पूर्णांकात ठेवून शेवटच्या तिकिटाला उरलेली रक्कम द्यायची, हा नियम आणि त्याची तपासणी पहिल्या आठवड्यात बसली असती.

एजंट तिसऱ्या आठवड्यात आले. मध्यरात्रीची बस, प्रिंटर, लाल सीटचा प्रश्न, हे सगळे त्यांच्याकडून आले, आणि पहिल्या दिवशी त्यांच्याजवळ बसले असते तर कमी घाईत सुटले असते. एसएमएसचे मजकूर पहिल्या आठवड्यात नोंदवायला हवे होते, न लागणारे दोन-चार जास्तीचे धरून. मोठ्या अक्षरांची तपासणी नऊपैकी एका फोनवर कायमची चालू ठेवायला काहीच खर्च नव्हता.

लाइव्ह लोकेशन काढण्याचा निर्णय मात्र पुन्हा तसाच घ्यावा असा आहे. मालकांना तो अजून खटकतो. शिमग्याच्या हंगामासाठी ते वैशिष्ट्य पुन्हा यादीत आले आहे, या वेळी चार ड्रायव्हरांच्या स्वतःच्या फोनवर, रोजच्या फेऱ्यांत, दोन महिने आधीपासून.